कोर्स विकणं सोडलं, शोधून देऊ लागलो

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत चार जुने संगणक मांडून २००९ मध्ये आम्ही सेंटर उघडलं, तेव्हा धंदा सरळ होता. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र नोकरीला लागायचं, पोरं यायची, बॅच भरायची. २०१६ च्या पोळ्यानंतर जिओचं सिम आलं आणि जो तो मोबाइलवरच शिकू लागला. निदान तसं म्हणू तरी लागला. बॅच अर्ध्यावर आली.

मग मी एक चूक केली. नोकरीची हमी देणारे ऑनलाइन कोर्स विकणाऱ्या एका कंपनीची एजन्सी घेतली. प्रत्येक प्रवेशामागे कमिशन. गावातल्याच एका मुलीच्या वडिलांनी तूर विकून आलेल्या पैशातून अठरा हजार भरले. हाती आले ते रेकॉर्ड केलेले इंग्रजी व्हिडिओ आणि उचलला न जाणारा फोन. कंपनीने पैसे परत केले नाहीत. माझं कमिशन मी मुलीच्या वडिलांना देऊन टाकलं, पण ते गृहस्थ अजून आमच्या गल्लीतून जाताना मान वर करत नाहीत.

लॉकडाउनमध्ये सेंटर बंद असताना पुण्याच्या भाच्याने क्लास सेंट्रल दाखवलं. २०११ पासून चालणारं हे शोधयंत्र स्वतः काही शिकवत नाही. कोर्सेरा, एडएक्स अशा परदेशी साइट, आपल्या सरकारचं स्वयम्, अशा ठिकठिकाणचे कोर्स तिथे एकत्र सापडतात. विषय, पातळी, कालावधी, भाषा, फुकट की पैशाचं, अशी चाळणी लावता येते. पहिल्या दिवशी मी नुसतं ‘कॉम्प्युटर’ टाकलं. आठवडी बाजारात मिरचीचा भाव विचारावा आणि सगळा बाजारच अंगावर यावा, तसं झालं.

त्यातून सवय लागली. गिऱ्हाईक बसलं की आधी विचारतो, शिकून काय करणार? कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहायचा असेल तर शोधायचे शब्द टॅली आणि जीएसटी. दुकानाचे बॅनर करायचे असतील तर ‘डिझाइन’ टाकून भागत नाही, सॉफ्टवेअरचं नाव टाकावं लागतं. मराठीची चाळणी लावली की यादी चिमूटभर उरते. म्हणून आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल आम्ही वेगळा उघडतो. ऑफिसच्या कामाचं लिबरऑफिस, फोटो-चित्रांचं जिम्प असे विषय तिथे मराठी आवाजात आहेत, आणि तेही फुकट.

निवडलेले तीन कोर्स आम्ही वहीत शेजारी-शेजारी उतरवतो. बायकोने पट्टीने रकाने आखलेत. सगळ्यात जास्त भांडण फीच्या रकान्यात. महिन्याची वर्गणी असेल तर आकडा लहान दिसतो, पण रोज अर्धा तासच मिळणाऱ्या माणसाला तोच कोर्स चार महिने पुरतो, म्हणून गुणाकार करूनच लिहायचं. युडेमी या साइटवर कोर्स एकदाच विकत घ्यायचा आणि वरचेवर सूट लागते, तिथे पहिल्या दिवशीचा भाव लिहून घाई करायची नाही. कोर्सेरावर बऱ्याच कोर्सना आर्थिक मदतीचा अर्ज करता येतो. तो भरायला आम्ही हात देतो. स्वयम्‌वर एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटीवाल्यांचा, कोर्स शिकायला फुकट, पण प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी आणि केंद्रावर जाऊन पेपर. पंचवीस टक्के गुण असाइनमेंटचे, पंचाहत्तर परीक्षेचे. परीक्षेचं केंद्र नागपूर आलं तर भाडं आणि बुडालेली रोजी त्याच रकान्यात धरतो.

कोर्सला लोकांनी दिलेल्या ताऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. तारे देणारा बहुतेक इंग्रजीत शिकलेला, घरी वायफाय असलेला. आमचं गिऱ्हाईक रात्री लाइन आल्यावर मोबाइलवर बघतं. म्हणून एक धडा सेंटरवर बसून बघायला लावतो. शिकवणाऱ्याची भाषा झेपते का, व्हिडिओ उतरवून नेता येतो का, हे दहा मिनिटांत कळतं. शिवाय अशा साइटना कोर्सवाल्यांकडून कमिशन मिळू शकतं. कमिशन काय करतं हे मला कोणी सांगायला नको.

या कामाचे आम्ही पन्नास रुपये घेतो. सुरुवातीला एक आजोबा नातवाला घेऊन आले, म्हणाले, “भाऊ, कोर्स फुकट हाय म्हंता, मंग पन्नास कायचे?” मी म्हटलं, “पाहून देतो त्याचे.” त्यांनी चाळीस दिले. घेतले. फॉर्म, झेरॉक्स, प्रिंट यांच्यावर घर चालतं आणि या पन्नासांवर वीजबिल निघतं, एवढाच हिशेब आहे.

दोन वर्षांपूर्वी वहीत शेवटचा रकाना वाढवला: ‘पूर्ण झाला?’ महिन्याने फोन करून भरायचा. तिथली कोरी घरं ऑक्टोबरातच जास्त दिसायला लागली. जुलैत सुरू होणारा बारा आठवड्यांचा कोर्स ऐन सोयाबीनच्या सोंगणीत संपतो आणि मागोमाग कापसाची वेचणी. पोरगं वावरात असतं, असाइनमेंटची तारीख निघून जाते. तेव्हापासून शेतकऱ्याच्या पोराला एनपीटीईएलचा लांबचा कोर्स आम्ही जानेवारीच्या सत्रात सुचवतो, परीक्षा एप्रिलमध्ये येते. जुलैत कोणी हट्टच धरला तर बायको विचारते, “यंदा किती एकर सोयाबीन हाय?” आणि आकडा ऐकून चार आठवड्यांचा कोर्स शोधायला बसते.