सशाची नसबंदी : आधीची तयारी आणि नंतरची घरची काळजी (माझा अनुभव)

सशाला भूल देण्याआधी रात्रभर उपाशी ठेवत नाहीत. कुत्रा-मांजर पाळलेल्यांना हे ऐकून आश्चर्य वाटतं, कारण त्यांचं खाणं आदल्या रात्रीपासून बंद असतं. ते उलटीच्या भीतीने. भुलेखाली उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. सशाला उलटी करताच येत नाही. उलट पोट रिकामं राहिलं की त्याचं आतडं मंदावतं, आणि ते एकदा मंदावलं की जखमेपेक्षा त्याचीच काळजी जास्त करावी लागते. आमच्याकडे नर आणि मादी दोघांचीही नसबंदी झाली आहे. मादीचं ऑपरेशन पोट उघडून होत असल्याने तिला सावरायला जास्त वेळ लागतो, पण पोट चालतं ठेवण्याची धडपड दोघांसाठी सारखीच.

म्हणून डॉक्टरांना माझा पहिला प्रश्न हाच असतो, की खाणं कधी बंद करायचं? तोंडात चावलेला घास राहू नये म्हणून तास-दोन तास आधी गवत काढून घ्या, असं उत्तर आलं तर ठीक. ‘रात्रीपासून काही देऊ नका, पाणीही नको’ असं उत्तर आलं, तर मी सशांचे नेहमी उपचार करणारे दुसरे डॉक्टर शोधेन. पुढचे प्रश्न : ऑक्सिजन कसा देणार, ससा गरम कसा ठेवणार, वेदनाशामक कधीपासून सुरू करणार, आणि खायला लागल्यावर घरी सोडणार की त्याआधीच? नराच्या बाबतीत आणखी एक. सशाच्या पोटातून अंडकोशाच्या पिशवीत उतरणारी जांघेतली वाट आयुष्यभर उघडी असते, त्यामुळे ती नीट बंद केली नाही तर आतडं खाली उतरू शकतं. हे विचारल्यावर डॉक्टरांनी राग मानला नाही, तर ते चांगलं लक्षण.

वयाचं म्हणाल, तर नराची अंडकोशं साधारण 10 ते 12 आठवड्यांत खाली उतरतात आणि चौथ्या महिन्याच्या आसपास ऑपरेशन करता येतं. मादीसाठी बहुतेक डॉक्टर पाच-सहा महिने थांबतात. मादीची नसबंदी केवळ पिल्लं नकोत म्हणून नसते, न केलेल्या माद्यांमध्ये वय वाढेल तसा गर्भाशयाचा कॅन्सर फार दिसतो. नर की मादी, हे मात्र आधी डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. लहान वयात ओळखण्यात सर्रास चूक होते.

तपासणीत वजन, हृदय, फुप्फुसं आणि मागच्या दाढा बघितल्या जातात. वय जास्त असेल तर रक्ततपासणीही होते. शिंका येत असतील, नाक ओलं असेल किंवा पुढच्या पंजांची आतली बाजू चिकट असेल (ससा नाक पंजानेच पुसतो), तर तारीख पुढे ढकललेली बरी. ससा नाकानेच श्वास घेतो. नाक चोंदलेल्या सशाला भूल देणं म्हणजे विनाकारण धोका पत्करणं.

आधीच्या आठवड्यात आहारात काहीही नवीन आणायचं नाही. या दिवसांत मी तीन कामं करते. रोज एकाच वेळी वजन करून लिहून ठेवते. त्याच्या रोजच्या लेंड्या किती आणि केवढ्या असतात ते बघून ठेवते, कारण पुढे तुलना त्यांच्याशीच करायची असते. आणि सिरिंजमधून पाणी पाजून त्याला सिरिंजची सवय लावते. ऑपरेशननंतर दुखत असताना पहिल्यांदाच सिरिंज दिसली, की ससा ती शत्रूच समजतो. कॅरिअरही दोन-चार दिवस आधीपासून खोलीत उघडा ठेवावा. वरून उघडणारा असेल तर उत्तम. जोडीदार ससा असेल तर त्यालाही दवाखान्यात न्यावं, नाहीतर दवाखान्याचा वास घेऊन परतलेल्याला तो परका समजून चावायला धावतो. जाताना नेहमीचं गवत, पेलेट (तयार दाणेदार खाद्य) आणि आवडता पाला बरोबर द्यायचा. शुद्धीवर आल्यावर ससा ओळखीच्या वासाचंच खाणं आधी तोंडात घेतो.

घरची जागा आधीच तयार ठेवायची. एकाच पातळीची, उड्या मारायला काही नसलेली, आणि गुळगुळीत फरशी नको. खाली टॉवेल किंवा फ्लीस. लाकडाचा भुसा नको, तो जखमेला चिकटतो. ट्रे बुटक्या कडेचा आणि त्यात कागद. पाणी बाटलीऐवजी वाडग्यात, म्हणजे मान ताणावी लागत नाही. पोटावरचे केस काढलेले असतात आणि भुलेनंतर अंग गार पडतं. म्हणून टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी एका बाजूला ठेवावी, दुसरी बाजू मोकळी सोडावी, म्हणजे नको वाटलं तर तो सरकू शकतो. सशाचं तापमान साधारण 38.5 ते 39.5 अंश सेल्सिअस असतं. ते 38 च्या खाली गेलं तर डॉक्टरांना फोन करायचा.

घरी आल्या आल्या गवत आणि पाला समोर ठेवायचा. स्वतःहून खात नसेल, तर डॉक्टरांनी दिलेली शाकाहारी प्राण्यांची रिकव्हरी पावडर कोमट पाण्यात कालवून भरवायची. प्रमाण साधारणपणे एका वेळी दर किलो वजनाला 10 ते 15 मिली, दिवसातून चार-पाच वेळा. मिश्रण थोड्या वेळात घट्ट होतं, म्हणून दर वेळी ताजं करायचं. ससा चारही पायांवर बसलेला, मागचा भाग तुमच्या पोटाला टेकलेला, टॉवेल अंगाभोवती. पुढच्या दातांमागे दाढांपर्यंत मोकळी जागा असते, तिथून सिरिंजचं टोक बाजूने आत सरकवायचं आणि एका वेळी अर्धा ते एक मिलीच सोडायचं. चावून गिळलं की मग पुढचं. उताणं करून कधीही भरवू नका, अन्न फुप्फुसात जाईल. आणि पोट टणक, फुगलेलं लागत असेल तर भरवणं थांबवून थेट दवाखाना. आतडं कुठे अडलं असेल तर वरून ढकललेल्या अन्नाने नुकसानच होतं.

पहिल्या दिवशी लेंड्या कमी आणि बारीक दिसल्या तर चालतं. पण दहा-बारा तासांत खाणंही नाही आणि लेंडीही नाही, तर सकाळची वाट बघू नये. न खाण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे वेदना. दुखतं म्हणून खात नाही, खात नाही म्हणून आतडं थांबतं, आणि थांबलेल्या आतड्यातला वायू आणखी दुखवतो. म्हणूनच ‘बरा दिसतोय’ म्हणून मेलोक्सिकॅमचा (वेदनाशामकाचा) डोस गाळू नका. दुखणं लपवणं हा सशाचा स्वभावच आहे. अर्धवट मिटलेले डोळे, मागे चिकटलेले कान, पोट जमिनीला दाबून बसणं, दात मोठ्याने खाणं ही त्याची भाषा. सशाला दर किलोला लागणारं मेलोक्सिकॅम कुत्र्यापेक्षा जास्त असतं, त्यामुळे घरातल्या कुत्र्याच्या बाटलीवरून हिशोब करायचा नाही. अमॉक्सिसिलीन हे अँटिबायोटिक तोंडाने तर अजिबात नाही, त्याने आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून ससा दगावू शकतो.

जखम दिवसातून दोनदा बघावी. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. मागचे पाय जोरात झाडले तर पाठीचा कणाही मोडू शकतो. हलकी सूज, थोडा लालसरपणा साहजिक आहे. नराची अंडकोशाची पिशवी काही दिवस सुजलेली दिसू शकते. पू, वास, रक्त, उघडे पडलेले टाके दिसले तर लगेच दवाखाना. गळ्यात प्लास्टिकचा कॉलर शक्यतो टाळावा. ससा स्वतःच्या मऊ, चिकट लेंड्या थेट बुडाशी तोंड नेऊन खातो, ते त्याच्या पोषणाचा भाग आहे. कॉलरने ते थांबतं आणि खाणंही सुटतं. टाके कुरतडत असेल तर मऊ कॉलर किंवा अंगावरचं कापड, तेही डॉक्टरांना विचारून. ढुंगण ओलं, घाण राहू देऊ नका. माश्या तिथे अंडी घालतात आणि अळ्या काही तासांत बाहेर पडू शकतात. आंघोळ मात्र नको, ओल्या कापडाने पुसून घ्यायचं.

नराला आठवडाभर, मादीला 10 ते 14 दिवस उड्या मारू द्यायच्या नाहीत. नसबंदी झालेला नर ऑपरेशननंतरही सहा आठवड्यांपर्यंत पिल्लं देऊ शकतो, म्हणून तेवढा काळ त्याला नसबंदी न झालेल्या मादीपासून वेगळं ठेवावं. शेजारी-शेजारी जाळी लावली की वास ओळखीचा राहतो. लघवी उडवण्याची सवयही याच काळात हळूहळू कमी होते, लगेच नाही.