नुसतं पाणी पिऊन थकवा का जात नाही

एप्रिल लागला की नाशिकमध्ये जो तो एकमेकाला एकच सांगतो, पाणी पी. बरोबरच आहे, पण अर्धंच, कारण घामातून नुसतं पाणी जात नाही, मीठ पण जातं, लिटरभर घामात साधारण एक ग्रॅमच्या आसपास सोडियम, माणसागणिक कमीजास्त. काळ्या शर्टवर पाठीला पांढरे डाग उमटतात ना, ते तेच मीठ. आता ते मीठ न भरता तासन्‌तास नुसतं साधं पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होत जातं. रक्त तपासणीत ते लिटरमागे 135 ते 145 मिलीमोलच्या मधे लागतं, फार खाली गेलं की डोकं दुखतं, मळमळतं, हातापायात जीव राहत नाही, आणि लोक म्हणतात ऊन लागलं, अजून पाणी पी!

हे सगळ्यात जास्त दिसतं ते द्राक्षाच्या बागांत. एप्रिलमध्ये खरड छाटणी असते, पेठ सुरगाण्याकडून मजूर दिंडोरी निफाडला येतात, आणि छाटणी झाली की वेलीवर पानच नसतं म्हणजे बागेत सावली उरत नाही, डोक्यावर हात वर करून दिवसभर कात्री चालवायची तीही उघड्या उन्हात. मी बघितलंय, जुन्या बायका भाकरीसोबत ताकाची बाटली आणतात, त्यात मीठ चांगलं सढळ हाताने घातलेलं, सोबत कांदा न ठेचा. यात सोडियम आलं, थोडं पोटॅशियम आलं, पाणी आलं. कोणी शिकवलं नाही त्यांना. मला तर वाटतं बागाईतदारांनी पाण्याच्या जारशेजारी रोज ताक ठेवायलाच पाहिजे, मजुरीचाच भाग म्हणून.

शहाळ्याबद्दल एक सांगते, त्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम त्यामानाने कमी, त्यामुळे खूप घाम गाळून आलात तर शहाळ्यासोबत काहीतरी खारट खा. कैरीचं पन्हं पण छान, मीठ विसरू नका फक्त.

आणि ओआरएस, म्हणजे जुलाबात देतात ते मोजून केलेलं मीठ साखरेचं पाणी. याच्यावर मी कितीही बोलू शकते. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ साखरेचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले, 2023 ला त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. यातली साखर चवीसाठी नसते, आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत शिरतात आणि पाणी त्यांच्या मागे जातं. म्हणून प्रमाण महत्त्वाचं. आमच्या शेजारच्या वहिनी लेकराला जुलाब झाले तर पाकीट फोडून ग्लासात चमचाभर टाकत होत्या, उरलेलं क्लिप लावून ठेवलेलं. म्हटलं वहिनी, असं नाही, मोठं पाकीट आहे हे, अख्खं एक लिटर पाण्यात एकदमच कालवायचं न 24 तासात संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. जास्त घट्ट झालं तर जुलाब वाढतात. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा छोटा चहाचा. आणि ते गोड ज्यूसचे खोके ओआरएस नाहीत, 2025 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा खात्याने, त्यांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला बंदीच केली, फार बरं झालं.

पण एसी ऑफिसात बसून, संध्याकाळी अर्धा तास जॉगिंग ट्रॅकवर चालून महागड्या इलेक्ट्रोलाईट पावडरी पिणाऱ्यांना कळकळीने सांगते, तुम्हाला गरज नाही हो. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ असावं असं डब्ल्यूएचओ म्हणतं आणि लोणचं पापड फरसाण धरून आपण त्याच्या पुढेच असतो.

घरात बीपीची, लघवी वाढवणारी गोळी चालू असलेले आजी आजोबा असतील तर त्यांच्याकडे मात्र नीट लक्ष द्या. त्या गोळ्यांनी सोडियम आधीच उतरू शकतं, उन्हाळ्यात जेवण कमी होतं, मग एक दिवस बोलणं असंबद्ध, तोल जातो, आणि सगळे म्हणतात वय झालं. वय नसतं ते बऱ्याचदा, रक्ताची साधी तपासणी असते सोडियम पोटॅशियमची, लगेच करून घ्या. आपल्या मनाने मीठ वाढवू नका किंवा गोळी बंद करू नका, आणि किडनीचा त्रास असेल तर शहाळं, केळी, लो सोडियम मीठ हे सगळं डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, त्यात पोटॅशियम असतं आणि ते वाढलं तर थेट हृदयाच्या ठोक्यांवर येतं.