तुम्ही विचारलेत म्हणून : आधी वाढई, मग मिस्त्री

साकोलीच्या बाजारात, शाळेच्या व्हरांड्यात किंवा एखाद्या लग्नाच्या मांडवात मी मोडक्या अवस्थेतून पुन्हा उभी केलेली माझी 1952 सालची एमजी टीडी ही विलायती मोटार पाहिलेले कोणी भेटले की थोड्याफार फरकाने एकच प्रश्न येतो : "बाई, तुम्हाला गाडीतले काही कळत नव्हते, मग सुरुवात कशापासून केलीत?" मी दर वेळी उभ्याउभ्या अर्धवट उत्तर देते आणि घरी आल्यावर मला ते अपुरे वाटत राहते, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे. मी सुरुवात इंजिनापासून केली आणि तीच माझी मोठी चूक ठरली. सुरुवात लाकडापासून करायला हवी होती.

ही गाडी माझ्या आजेसासऱ्यांची. 31 मार्च 1951 रोजी मध्यप्रदेशातील मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, संपली आणि त्यानंतर वर्षभराने, घरात सगळीकडे काटकसर सुरू असताना, त्यांनी ही दोन आसनांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार घेतली. तिच्या नोंदणीच्या कागदावर मध्यप्रदेश असे लिहिलेले आहे, कारण भंडारा जिल्हा 1956 पर्यंत त्या राज्यात होता आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. त्यांच्यानंतर गाडी चालवणारे कोणी उरले नाही. ती वाड्यामागच्या कोठ्यात गेली, तिच्यावर दरवर्षी तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, रचली गेली आणि वाटणीत ती आमच्याकडे आली तेव्हा तिच्या आसनांत उंदरांची घरे होती. त्याआधी माझ्या नावावर एक स्कूटर तेवढी होती.

गाडी बंद म्हणजे इंजिन बंद, असे सर्वसाधारण माणसाला वाटते, तसेच मला वाटले. मी इंजिन उतरवून नागपूरच्या एका गॅरेजला दिले. ते 1250 सीसीचे, चार सिलिंडरांचे आणि दोन कार्ब्युरेटरांचे इंजिन मुळात साधे आहे, पण त्यात एक खोच आहे आणि ती ठाऊक नसणारा माणूस हमखास फसतो. त्याच्या बोल्टांची डोकी इंग्रजी व्हिटवर्थ मापाची असून आटे मात्र मेट्रिक आहेत, कारण मॉरिस कंपनीने हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीतील इंजिन कारखाना 1923 साली विकत घेतला आणि तिथल्या यंत्रांवर पडणारे मेट्रिक आटे पुढे तसेच चालू ठेवले. त्यातही 8 मिलिमीटरच्या बोल्टाला आट्यांमधले अंतर 1 मिलिमीटर असते, तर आज दुकानात सर्रास मिळणाऱ्या बोल्टाला ते 1.25 मिलिमीटर असते. गॅरेजमधल्या मुलाने दुकानातला बोल्ट जोर लावून बसवला आणि तीन ठिकाणचे आटे गेले. ते नीट करून घेण्यात पाच महिने आणि बरेच पैसे गेले. शेवटी इंजिन तयार होऊन घरी आले, तेव्हा ते बसवायला गाडीच शिल्लक नाही, हे माझ्या लक्षात आले.

झाले असे की कोठ्यातून गाडी बाहेर ओढताना डाव्या दाराला कोणीतरी हात लावला आणि दार खांबासकट त्याच्या हातात आले. वरचा पत्रा शाबूत होता, आत मात्र नुसता भुसा होता. टीडीची चेसिस, म्हणजे खालची चौकट, लोखंडी असली तरी तिच्यावरच्या बॉडीचा सांगाडा लाकडी आहे. अ‍ॅश नावाच्या लाकडाच्या पट्ट्या आणि खांब जोडून आधी सांगाडा करायचा आणि त्यावर पत्रा मढवून त्याच्या कडा बारीक खिळ्यांनी ठोकायच्या, अशी ती जुनी पद्धत. अ‍ॅश हे विलायतेत कुऱ्हाडीच्या दांड्यांना आणि क्रिकेटच्या यष्ट्यांना वापरले जाणारे लाकूड. ते चिवट आहे, धक्का सोसते, पण आमच्याकडच्या उधईपुढे त्याचा काही निभाव लागत नाही. त्यात या गाडीची दारे पुढून उघडतात आणि मागच्या खांबावर लटकतात, म्हणजे दाराचा सगळा भार मागच्या खांबाच्या पायथ्याशी येतो आणि पावसाचे पाणीही नेमके तिथेच मुरते.

मी गावातल्या वाढईंना, म्हणजे सुतारांना, बोलावले ते केवळ तो खांब दाखवण्यासाठी. सत्तरीच्या आसपासचे ते गृहस्थ गाडीभोवती दोन फेऱ्या मारून खाली बसले, पत्र्याखाली हात घालून चाचपले आणि म्हणाले, "बाई, हे त खाचरच होय. वरून पत्रा मढवला हाये, बाकी काई नाई." त्या एका वाक्याने माझी भीती गेली. नागपूर सोडाच, मुंबईतसुद्धा हे काम करणारा माणूस शोधावा लागेल असे मी समजत होते आणि ज्यांचा सारा जन्म खाचरांची, म्हणजे बैलगाड्यांची, जोडणी करण्यात गेला, ते माझ्या घरापासून चौथ्या घरात राहत होते.

त्यांनी पहिले काम केले ते मोजण्याचे. मला आतले लाकूड लगेच उपसून काढायचे होते आणि त्यांनी ते करू दिले नाही. कुजलेला असला तरी सांगाडा अजून गाडीचा आकार धरून आहे, तो एकदा सुटला की आकार कुठे शोधणार, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून आम्ही आधी लोखंडी अँगलचे आडवे आणि तिरपे आधार बोल्टांनी पक्के केले, सुतळी ताणून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची तिरकी मापे घेतली आणि प्रत्येक दाराभोवतीची फट चार ठिकाणी मोजून वहीत लिहिली. त्यानंतर एका वेळी एकच लाकूड काढायचे, त्याचे तुकडे फळीवर जुळवून त्यावरून नवे बेतायचे आणि ते बसवल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही, हा नियम त्यांनी शेवटपर्यंत मोडला नाही. तुम्ही असे काम हाती घेणार असाल तर बाकी सगळे विसरलात तरी चालेल, पण हे विसरू नका.

अ‍ॅश इथे मिळत नाही आणि ते बाहेरून मागवावे असे मला एकदाही वाटले नाही. वाड्याचा पडका भाग उतरवताना निघालेले सागवानाचे म्याल, म्हणजे छताच्या तुळया, अंगणात पडलेले होते. इतकी वर्षे छताखाली वाळलेले सागवान आता आणखी आकसणार नाही, त्याला उधई सहसा लागत नाही आणि आमच्या मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांनंतर श्रावणातली ओल सोसायची त्याला सवय आहे. त्याचा एक दोष मात्र आहे : ते अ‍ॅशसारखे वाकत नाही. चाकावरच्या कमानीला ते कापून आकार दिला असता तर तंतू आडवे तुटले असते आणि पहिल्याच खड्ड्यात कमान चिरली असती. वाढईंनी त्यासाठी नांगराचे लाकूड निवडतात तशी मुळातच बाक असलेली बाभळीची फांदी शोधून आणली, म्हणजे लाकडाचा तंतू कमानीच्या वळणाबरोबरच वळला. इतके नेमके उत्तर मला कोणत्याही कारखान्यातून मिळाले असते असे मला वाटत नाही.

सागवानात तेल असते, त्यामुळे सांधे चिकटवण्यापूर्वी ते अ‍ॅसिटोनने पुसावे लागले, नाहीतर इपॉक्सी हा चिकटवण्याचा गोंद धरत नाही. स्क्रू आम्ही पितळी वापरले, पण पितळ मऊ असल्याने घट्ट लाकडात ते पिळवटून तुटतात. म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून वाट करायची, तो काढायचा आणि मग मेण लावून पितळी बसवायचा. पत्रा चढवण्याआधी दारे लावून, बॉडी आणि चेसिस यांच्यामध्ये रबराच्या पातळ चकत्या घालत घालत फटी वहीतल्या मापांवर आणल्या. एकट्या या जुळवणीला सात आठवडे लागले.

बाकीचे थोडक्यात सांगते. रेडिएटरची पितळी टाकी भंडाऱ्याच्या कासारांनी डाग देऊन दिली आणि ती अजून गळलेली नाही. ब्रेकचे सुटे भाग विलायतेतून आले, ते तिथे अजून तयार होतात. बॅटरी जोडताना या गाडीचे धन टोक चेसिसला जाते, हे मिस्त्रीला आधीच सांगून ठेवा. कागदपत्रांसाठी 2021 सालचे नियम उपयोगी पडतात : पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही.

आणि ते इंजिन? मी घाईने आधी करून घेतलेले ते इंजिन पडवीत एक पूर्ण पावसाळा न फिरता पडून राहिले. बसवण्याआधी उघडले तेव्हा दोन सिलिंडरांना आतून गंज चढलेला होता. ते काम मला पुन्हा, पुन्हा पैसे मोजून, करून घ्यावे लागले. सुरुवात कशापासून करावी, याबद्दल मी इतकी ठाम आहे ती त्यामुळे.

गाडीने आता दोन पावसाळे काढले आहेत. दर ऋतूला मी जुन्या वहीतली मापे पुढे ठेवून दारांच्या फटी मोजते. उजवे दार हलले नाही. डावे दार श्रावणात किंचित घट्ट होते आणि कार्तिकात पुन्हा मोकळे होते. पहिल्या वर्षी मी रंधा मारून घ्यायला निघाले होते, तेव्हा वाढईंनी नाही म्हटले आणि दिवाळीपर्यंत थांबायला सांगितले.