पांढरीचा पत्ता

सातपुड्याचा पायथा, पारशिवनी तालुका

तूर निघाली की वावरं उघडी पडतात, जमीन वाचता येते. पुरातत्त्वाच्या पायी सर्वेक्षणाला हेच दिवस चांगले. सकाळच्या तिरप्या उन्हात मुरमाड उतारावरची शिळावर्तुळं, म्हणजे लोहयुगातल्या माणसांची दफनं, लगेच दिसली. मोठ्या दगडांचं कडं, आत खडी-मुरमाचा उंचवटा. एका शिळेवर ओळीनं कोरलेले खळगे होते, नागपूरजवळच्या जुनापाणीच्या शिळांवर आहेत तसेच.

जुनापाणीला रिव्हेट-कार्नाक या ब्रिटिश अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात उत्खनन केलं. तेव्हापासून विदर्भात वर्तुळं बरीच खोदली गेली. त्यांत लोखंडी हत्यारं मिळाली, माहूरझरीला तर तांब्याचे दागिने घातलेले घोडे. पण ही सगळी मरणानंतरची व्यवस्था. ती माणसं राहत कुठे, पेरत काय, हा प्रश्न मला जास्त ओढतो. टाकळघाटला वस्ती आणि खाप्याला वर्तुळं, अशी जोडी सापडली आहे. नायकुंडच्या वस्तीत लोखंड गाळायची भट्टीही मिळाली. बहुतेक ठिकाणी मात्र वर्तुळं आहेत आणि गाव बेपत्ता.

दुपारी तुरीच्या कुट्याजवळ बसलेल्या आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "गोट्याईत काय पाह्यतं पोरी? नाल्याकडच्या धुऱ्यावर जा. पांढरी माती हाये तिथं. वखर चालवला का खापरंच निंगतात."

खरोखर तसंच होतं. काळ्या रानात राखेच्या रंगाचा पट्टा, म्हणजे जुन्या वस्तीची पांढरी, आणि त्यावर काळी-तांबडी खापरं. भांडं पालथं घालून भाजायचे. काठाला आणि आतल्या बाजूला हवा लागत नसे, तो भाग काळा राहायचा. मग लोहकीटाचा, म्हणजे लोखंड गाळताना उरणाऱ्या मळीचा, जड, भोकं-भोकं पडलेला गोळा हाती आला. इथं कुणीतरी लोखंड तापवलं होतं, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात! बराच वेळ तो गोळा खाली ठेववेना.

परतताना उताराच्या पलीकडे मुरमाची ताजी खाण दिसली. तिची कड एका वर्तुळाच्या मधोमध गेली आहे. अर्धं कडं उभं, अर्धं रस्त्याखाली गेलेलं. फार वाईट वाटलं, रागही आला. ही जमीन पिकाऊ नव्हती म्हणूनच हे दगड इतकी शतकं टिकले. आता यंत्राला नापीक जमीनच सोयीची. उरलेल्या प्रत्येक वर्तुळाचं जीपीएस, फोटो, गट नंबर आजच नोंदवला. यादी ग्रामपंचायतीलाही देणार आहे.

आजींच्या माहेरच्या शिवारातही अशी माती आहे म्हणे. उद्या सकाळी त्या दाखवायला येणार आहेत. टोपोशीटवर, म्हणजे सर्वेक्षणाच्या नकाशावर, खूण त्यांच्या मागोमाग करीन.