आमची वाटचाल : बर्फ, हवा आणि हडसन कॅन्यन

न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरून रात्रीच्या टुना-फेऱ्या काढणं हा आमचा धंदा. स्वतःची बोट नाही. पॉइंट प्लेझंट किंवा बेलमारच्या धक्क्यावरची एखादी मोठी पार्टी बोट (माणशी पैसे घेऊन मासेमारीला नेणारी बोट) आम्ही अख्खी भाड्याने घेतो, तिच्यावरच्या जागा विकतो, रॉड-रीळ पुरवतो आणि परत आल्यावर प्रत्येकाचा मासा नीट कापून, बांधून त्याच्या हातात देतो. कंपनीत कायमची माणसं दोनच, मी आणि माझी पत्नी. मोसमात मदतीला तीन-चार तरुण मुलं येतात.

मी मूळचा देवगडकडचा. लहानपणी खाडीवर गरवायला जायचो, त्यामुळे एडिसनला नोकरीसाठी आल्यावर शनिवार-रविवार धक्क्याकडेच पाय वळायचे. ऑफिसातले मराठी, तेलुगू, बंगाली मित्र हळूहळू बरोबर यायला लागले. अर्ध्या दिवसाच्या बोटीवर जायचं, फ्लूक नाहीतर सी बास पकडायचा आणि संध्याकाळी कोणाच्या तरी घरी तळायचा, असा क्रम होता. २०१२च्या ऑक्टोबरात सँडी वादळाने हा किनारा मोडून टाकला. धक्के गेले, दुकानं गेली. पुढच्या उन्हाळ्यात बोटी पुन्हा उभ्या राहिल्या, पण गिऱ्हाईक पटकन परतलं नाही. तेव्हा ओळखीच्या एका कप्तानाने विचारलं, तुमची एवढी मंडळी आहेत, तर अख्खी बोटच का घेत नाही? तिथून सुरुवात झाली.

टुनाकडे आम्ही वळलो त्याला कारण वेगळं. आमच्याकडे टुनाला कुपा म्हणतात, आणि कुपा म्हणजे हलका मासा. सुरमई नाही, सरंगा नाही, मग घ्या कुपा. काळपट, रक्ताळ, उग्र वासाचा. इथे धक्क्यावर पहिल्यांदा यलोफिन जातीचा टुना कापताना पाहिला, तेव्हा कलिंगडाच्या फोडीसारखं लाल मांस बघून मी थबकलोच. कोकणात येणारा कुपा जातीने वेगळा आणि लहान असतो हे खरं, पण फरक तेवढ्याने पडत नाही. टुनाचं शरीर आजूबाजूच्या पाण्यापेक्षा गरम असतं. गळाला लागल्यावर तो जिवाच्या आकांताने पळतो, स्नायू आणखी तापतात. त्यात रक्त तसंच राहिलं आणि बर्फ मिळाला नाही, तर मांस आतल्या आत फिकं आणि पिठूळ होतं. मासा बराच वेळ उबदार राहिला तर त्यात हिस्टामीन तयार होतं; मग खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते. आणि हे हिस्टामीन एकदा तयार झालं की शिजवूनही जात नाही. म्हणजे चांगल्या आणि वाईट टुनातला फरक बऱ्याच अंशी मासा बोटीवर आल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत पडतो.

हे आम्हाला एका बोटीने शिकवलं. सप्टेंबरातली उबदार रात्र, मासे भरपूर, आणि बोटीवर बर्फ निम्माच. पहाटेपर्यंत मासे ओल्या गोणपाटाखाली पडून होते. लोक खुशीत फोटो काढून घरी गेले. तक्रार एकाचीही आली नाही, पण त्यातले बरेच जण पुन्हा आलेही नाहीत. कारण निकाल समुद्रावर लागत नाही, स्वयंपाकघरात लागतो. त्या बोटीशी आम्ही पुढे व्यवहार केला नाही. तेव्हापासून आमच्या प्रत्येक करारात पहिलं कलम बर्फाचं असतं, आणि निघण्यापूर्वी माझी पत्नी स्वतः बर्फाचे खण उघडून बघते.

नुसता बर्फही चालत नाही. त्यात समुद्राचं पाणी घालून लगदा करावा लागतो. खाऱ्या पाण्यामुळे तो लगदा शून्याच्याही किंचित खाली जातो आणि माशाला चहूबाजूंनी चिकटतो. आता आमचा मासा डेकवर आला की डेकहँड, म्हणजे बोटीवरचा मदतनीस, त्याच्या मेंदूत टोच्या घालतो. मग छातीच्या परामागे दोन-तीन बोटं सोडून दोन्ही बाजूंना सुरीचा आखूड घाव घालतो. तिथून मोठी रक्तवाहिनी जाते. कल्ल्यातही एक घाव. होज आत धरतात, डेकवरून लाल पाणी वाहून जातं आणि ते स्वच्छ झालं की शेपटीला गिऱ्हाइकाच्या नंबराची पट्टी बांधून मासा लगद्यात. हे काम घाईत होत असतं, शेजारी दुसऱ्याचा मासा वर येत असतो, तरी यातली एकही पायरी आम्ही गाळू देत नाही. आई इथे आली होती तेव्हा तिला तिरफळं घालून याच यलोफिनची आमटी करून दिली. पहिला घास घेऊन म्हणाली, “ह्यो कुपो नाय. माका फसवतंस.”

फेरी कशी असते ते नवीन लोक नेहमी विचारतात. दुपारच्या आत बोट सुटते. हडसन कॅन्यन ही समुद्राखालची दरी किनाऱ्यापासून ८० ते १०० मैल, म्हणजे जायलाच सहा-सात तास. समुद्राचा तळ तिथे तीन-चारशे फुटांवरून हजारो फुटांपर्यंत घसरतो. गल्फ स्ट्रीमपासून सुटलेले गरम पाण्याचे भोवरे या कडेला येऊन टेकतात. गरम निळं पाणी आणि थंड हिरवट पाणी जिथे भिडतं, त्या शिवेवर मासा असतो. कप्तान दोन दिवस आधीपासून उपग्रहाचे तापमानाचे नकाशे बघत असतो. प्रवास १२ तासांवर जात असल्याने बोटीवर परवानाधारक कप्तान दोन लागतात. दिवसा शंभरावर माणसं घेणारी बोट आम्ही रात्री पंचवीस-तिसांवर थांबवतो; कठड्याला जागा हवी आणि झोपायला बाकडं हवं.

अंधार पडला की बोटीवरच्या दिव्यांचा झोत पाण्यावर सोडतात. थोड्या वेळात माकूळ उजेडात यायला लागतात. डेकहँड बटरफिशचे तुकडे करून मूठमूठ पाण्यात सोडत राहतो, अखंड. आपल्या गळालाही तसाच तुकडा, वजन न लावता. खरी कला इथे आहे. बाकीचे तुकडे ज्या वेगाने बुडत जातात त्याच वेगाने आपला गेला पाहिजे, म्हणून दोरी हाताने ओढून सैल सोडत राहायची. ती किंचितही ताणली, तर तुकडा मध्येच अडतो आणि टुना तो सोडून शेजारचा खातो. तासभर काही होत नाही. मग हातातली दोरी एकदम वेगाने जायला लागते. अंगठा काढायचा, ड्रॅग (रिळाचा ब्रेक) लावायचा आणि माशाच्या मागे कठड्याने चालत सुटायचं. कोणाच्या दोरीखालून, कोणाच्या वरून, डेकहँड ओरडून सांगेल तसं. एकदा आमचे एक निवृत्त बँकवाले काका असे अख्ख्या बोटीला प्रदक्षिणा घालून आले. मासा वर आला तेव्हा त्यांच्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

रॉड-रिळांचं खातं पूर्णपणे माझ्या पत्नीचं. ५० पौंडी दोरीचं चांगलं रीळ नवख्याने एका रात्रीसाठी विकत घ्यावं असं आम्हाला कधीच वाटलं नाही. मोसम संपल्यावर दुकानं सवलतीत काढतात तेव्हा एकेक जमवत गेलो. ती प्रत्येक रीळ उघडते, ड्रॅगच्या कार्बन चकत्या पुसून ग्रीस लावते आणि फेरीआधी स्प्रिंग काट्याला दोरी लावून ताण मोजते. ५० पौंडी दोरीला १२ ते १५ पौंड, त्याहून जास्त नाही. रीळ भाड्याचं असूनही मासा दोरीमुळे सुटला असं आमच्याकडे क्वचितच घडतं, आणि त्याचं श्रेय तिचं.

आता हवेबद्दल. मोसमातले शनिवार मोजके, आणि शरद ऋतूत थंड हवेचे पट्टे आले की वायव्येचा वारा नेमका शुक्रवारीच उठतो. टेक्सास टॉवर या समुद्रात कोसळलेल्या जुन्या रडार-मनोऱ्याजवळच्या ४४०६६ या तरंगत्या वेधयंत्राचे आकडे आम्ही सतत बघतो. लाटेच्या उंचीइतकंच दोन लाटांमधलं अंतरही बघायचं. चार फुटी लाट नऊ सेकंदांनी येत असेल तर बोट आरामात झुलते. तीच पाच सेकंदांनी आली तर रात्रभर लोकांचे हाल. अशा वेळी आम्ही फेरी रद्द करतो आणि पैसे पूर्ण परत देतो, पुढच्या तारखेची सक्ती करत नाही. एका वर्षी ओळीने शनिवार गेले आणि आमच्या बचतीतून घरखर्च चालला. २०२०मध्ये तर मे महिन्यापर्यंत भाड्याच्या बोटींना परवानगीच नव्हती. तरी हा नियम आम्ही बदलला नाही. ज्याने बायकोला “उद्या संध्याकाळी घरी येतो” असं सांगितलंय, त्याला आम्ही नफ्यासाठी वाईट समुद्रात नेणार नाही.

कायद्याबाबतही आम्ही काटेकोर आहोत. यलोफिन माणशी तीन, आणि शरीराच्या वळणावरून मोजून किमान २७ इंच. ब्लूफिन या दुसऱ्या जातीच्या टुनाचे नियम मोसमात मध्येच बदलतात, म्हणून निघायच्या सकाळी पुन्हा तपासतो. पकडलेला मासा विकता येत नाही. उपाहारगृहाला देतो म्हणणाऱ्याला आम्ही जागा देत नाही. केळी बोटीवर अशुभ मानतात, हे मात्र आमच्या मंडळींना दरवेळी सांगावं लागतं. कप्तानाच्या मानासाठी केळ्याचे वेफर्सही गाडीतच ठेवतो.

अलीकडच्या काही उन्हाळ्यांत यलोफिन सँड ईल या बारीक माशांच्या मागे किनाऱ्याच्या बराच जवळ येतोय. त्यामुळे पुढच्या मोसमात सहाजणांच्या लहान बोटींवर पहाटे जाऊन संध्याकाळी परतायच्या फेऱ्या सुरू करायचं चाललंय. ज्यांना रात्र झेपत नाही, लहान मुलं आहेत, त्यांच्यासाठी हे बरं. दोन कप्तानांशी बोलणी झाली आहेत. तिसऱ्याची बोट चांगली आहे, पण बर्फाचा खण लहान आहे. तो वाढवून दिला तर त्याच्याशीही करार करू.