बसऱ्याहून आलेली मोडी पत्रं: दुसरा गठ्ठा

पारोळ्याकडच्या एका घरातला दुसरा गठ्ठा अखेर वाचायला घेतला. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेलेल्या शिपायाची ही घरी आलेली पत्रं. घरच्यांनी स्कॅनिंगला होकार दिला, नाव-गाव बाहेर जाऊ द्यायचं नाही या अटीवर.

बरीचशी पत्रं जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीची, फिकट झालेली. खोलीत अंधार करून टॉर्च कागदाच्या कडेने आडवा धरला की दाबून लिहिलेल्या खाचा उठतात. फोटो तेव्हाच काढायचा. ओलं बोट मात्र लावू नका, ही पेन्सिल पाण्याने पसरते.

मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही नाही. म्हणून मी आधी मायना धरतो. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ कुठे आहे ते कळलं की त्या हाताचं वळण कळतं, आणि पुढच्या ओळी सुटू लागतात. या गठ्ठ्यात शिपाई एकच, पण हात वेगवेगळे. म्हणजे हा सांगणार, लिहिणारा दुसराच कुणी. मायना लिहिणाऱ्याचा, घोटीव. बैलाचा विषय निघाला की भाषा एकदम अहिराणीकडे, आमच्या खानदेशी बोलीकडे झुकते. तिथे आपला माणूस बोलतोय असं मी धरून चालतो.

एका पत्रावर शके १८३९, वैशाख आहे, म्हणजे १९१७चा उन्हाळा. मार्चमध्ये बगदाद इंग्रजांच्या हाती आलेलं, पण पत्रात त्याचं नावही नाही. बहीण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आली का, मनीऑर्डर मिळाली का, आणि कपाशीचा पैसा येईपर्यंत बैल विकू नका. पत्रं तपासणाऱ्या सेन्सॉरच्या धाकाने गप्प बसला असं आपण फार पटकन लिहून टाकतो. धाक असेलही. पण घर ज्याच्या पगारावर चालतंय त्याला बैलाचीच काळजी आधी लागणार ना!

फ्रान्समधल्या हिंदी शिपायांच्या पत्रांचे सेन्सॉरने काढलेले उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, पण ते इंग्रजीत आणि निवडून घेतलेले. इथे अख्खं पत्र हाती आहे, म्हणून पैशा-पाण्याच्या ओळीही गाळायच्या नाहीत असं मी ठरवलंय.

आता अडलंय ते एका पाकिटावर. फील्ड पोस्ट ऑफिसच्या, म्हणजे रणभूमीवरच्या लष्करी टपाल कचेरीच्या शिक्क्यातला शेवटचा आकडा ३ की ८ हे ठरत नाही. मेसोपोटेमियातल्या फील्ड पोस्टांची तारीखवार यादी कुणाकडे असेल तर कळवा, शिक्क्याचा मोठा फोटो पाठवतो.