‘बेड रेडी होतोय’ : कॅज्युअल्टीतला एक सोमवार

बाबा आता घरी आहेत, ठणठणीत आहेत, सकाळी पेपर आधी कोणी वाचायचा यावरून आईशी भांडतातही. त्यामुळे हे लिहिताना काळजी अशी उरलेली नाही. राग मात्र आहे. डॉक्टरांवर नाही, सिस्टर्सवर तर मुळीच नाही. राग आहे तो ॲडमिशन काउंटरवर आणि तिथून दर वेळी मिळालेल्या त्या एका उत्तरावर : “बेड रेडी होतोय.”

शनिवारपासून ताप, रविवारी दम लागायला लागला. फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना रविवारी बंद. सोमवारी सकाळी त्यांनी बोटाला ऑक्सिमीटर लावला, ८९ आकडा पाहिला आणि चिठ्ठी लिहून दिली. “ओपीडीत नंबर लावत बसू नका, थेट कॅज्युअल्टीत न्या.” पुण्यातलं एक मोठं हॉस्पिटल. नाव मुद्दाम देत नाही.

आत गेल्यावर सगळं फटाफट झालं. ऑक्सिजन, ईसीजी, रक्त, एक्स-रे. न्यूमोनिया. “आजोबांना ॲडमिट करावं लागेल,” असं रेसिडेंट डॉक्टर म्हणाली तेव्हा दुपारचे बारासुद्धा वाजले नव्हते. मी मनातल्या मनात हॉस्पिटलला शाबासकीही देऊन टाकली होती.

मग काउंटर. आधार कार्ड, विम्याचं कार्ड, डिपॉझिट, सह्या. “जनरल, ट्विन शेअरिंग की सिंगल?” ट्विन सांगितलं. “बसा, बेड रेडी होतोय.” किती वेळ लागेल? “रेडी झाला की कळवतो.” तासाभराने गेले, तेच. जेवणाच्या सुट्टीनंतर गेले तर खुर्चीत दुसऱ्या मॅडम. त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “हो, रेडी होतोय.”

तोवर खाली माणसं वाढतच होती. अपघाताची एक केस आली तसं बाबांना पडद्याआडच्या जागेतून काढून ट्रॉलीवर पॅसेजमध्ये आणलं. भिंतीतला ऑक्सिजन सुटला आणि पायाशी छोटा सिलिंडर आला. त्याच्या मीटरचा काटा हळूहळू लाल पट्ट्याकडे सरकताना मी पाहत होते, कारण दुसरं पाहायला काही नव्हतं. लाल पट्टा आला तशी सिस्टरला हाक मारली. वॉर्डबॉय मामा पाना घेऊन आले, सिलिंडर बदलला. पॅसेजमध्ये असाल तर तो काटा नातेवाइकानेच बघायचा, हे आधी सांगून ठेवते.

जेवणाची तर आणखी गंमत. बाबांना डायबेटिस. किचनची यादी वॉर्ड आणि बेड नंबरप्रमाणे निघते. कॅज्युअल्टीतले पेशंट त्या यादीत नाहीत, कारण ते थोड्या वेळात जाणार असं धरलेलं. वॉर्डच्या यादीत नाहीत, कारण बेड मिळालेला नाही. शेवटी सिस्टरला विचारून, शुगर तपासून, कँटीनमधून इडली आणली. त्या दिवशी कॉम्प्युटरच्या लेखी माझे वडील कुठेच नव्हते.

खरी माहिती दिली ती मामांनीच. “ताई, काउंटरवर भांडून काय होणार? वरती डिस्चार्ज झालेत, माणसं नाही गेली अजून. बिलं अडकलीत.” बाबा एसटीतून कंट्रोलर म्हणून रिटायर झालेले. त्यांनी मास्क वर करून लगेच शेरा मारला, “फलाटावरची गाडी निघाल्याशिवाय मागची कुठं लावणार?” मास्क खाली करा म्हणून दोघांनाही ओरडावं लागलं, कारण मामा हसायला लागले होते.

तिथे बसून आणि नंतर ओळखीतल्या दोन डॉक्टरांना पिडून मला जे कळलं ते असं. आपण समजतो की कॅज्युअल्टी भरते ती सर्दी-खोकल्याच्या लोकांनी. ते लोक येतात, पण तपासून, गोळ्या घेऊन जातातही. तुंबतं ते ॲडमिट करायचं ठरलेल्या माणसांमुळे. पेशंट येतात सकाळी दहा-अकरापासून. वरचे बेड मात्र सुटतात संध्याकाळी. राउंड सकाळी होतो, मग डिस्चार्ज कार्ड टाइप होतं, उरलेली औषधं फार्मसीला परत जातात, बिल बनतं, आणि मग ते विमा कंपनीकडे किंवा टीपीएकडे (कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या मधल्या संस्थेकडे) जातं. तिथून मंजुरी येईपर्यंत बरा झालेला माणूस कपडे बदलून त्याच बेडवर मोबाइल बघत बसलेला असतो. त्याचाही नाइलाज. मे २०२४ मध्ये विमा नियामकाने परिपत्रक काढलंय : कॅशलेसची पहिली मंजुरी १ तासात आणि डिस्चार्जच्या वेळची ३ तासांत द्यायची, त्याहून उशीर होऊन हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. हा नियम वरच्या मजल्यावरच्या किती जणांना माहीत होता कोण जाणे. विचारा ठणकावून.

आणि त्यातही सोमवार. रविवारी दवाखाने बंद, म्हणून दोन दिवस अंगावर काढलेली दुखणी सोमवारी एकदम बाहेर पडतात. रविवारी मोठे डॉक्टर राउंडला कमी येतात, त्यामुळे डिस्चार्जही कमी. शिवाय आठवड्याच्या ठरलेल्या ऑपरेशनवाल्यांचे बेड रविवारी संध्याकाळपासूनच भरू लागतात. आम्ही नेमके त्यात सापडलो. पावसाळ्यात डेंग्यूच्या दिवसांत तर रोजच सोमवार असतो, असं सिस्टर म्हणाल्या. संध्याकाळी ऑफिसं सुटल्यावर दुसरी लाट येते, तीही पाहिली. रात्री उशिरा अपघात आणि मारामाऱ्या. म्हणजे कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी किती माणसं येणार याचा अंदाज तिथल्या मामांनाही असतो. मग बेड सोडण्याचं वेळापत्रक त्याला धरून का नाही, याचं उत्तर मला कुणी दिलं नाही.

माझी मामेबहीण इंग्लंडमध्ये नर्स आहे. तिला वाटलं मी रडगाणं गातेय. “आमच्याकडेही सोमवारी हेच,” म्हणाली. तिथे इमर्जन्सीत आलेल्या ९५ टक्के लोकांचं चार तासांत काय ते मार्गी लावायचं असं उद्दिष्ट होतं. देशभराचा हिशेब धरला तर जुलै २०१५ नंतर ते गाठलेलंच नाही. पण एक गोष्ट मला आवडली. ॲडमिट करायचं ठरल्यापासून १२ तासांहून जास्त किती लोक ताटकळले, हा आकडा तिथे दर महिन्याला जाहीर होतो. आमच्या केसपेपरवर ‘ॲडमिट करा’ असं लिहिलं होतं, पुढे वेळच नव्हती! मी डॉक्टरकडे जाऊन ती घालून घेतली. पुढच्या वेळी काउंटरवर तो कागद ठेवून म्हटलं, “मॅडम, पावणेबाराला लिहिलंय.” आवाज चढवला नाही. पण त्यांनी पहिल्यांदाच फोन उचलून वॉर्डात विचारलं. याचा मला अजूनही थोडा गर्व आहे.

दुसरं वाक्य जे कामी आलं ते हे : “कुठलाही बेड चालेल, जनरलसुद्धा, नंतर शिफ्ट करा.” एकाच प्रकारच्या खोलीवर अडून बसलं की तुमचं नाव त्याच एका रांगेत राहतं. फक्त खोली बदलली की खोलीभाड्याबरोबर बाकीचे चार्जेसही बदलतात आणि पॉलिसीतली मर्यादा ओलांडली तर क्लेममधून कापतात. वरच्या दर्जाची खोली देऊ केली तर हे आधी विचारून घ्या.

एक सगळ्यात आधी सांगायला हवं होतं : बेड मिळेपर्यंत उपचार थांबता कामा नयेत. अँटिबायोटिकचा पहिला डोस कॅज्युअल्टीतच द्याल ना, हे स्पष्ट विचारा. बाबांना मिळाला होता, पण दुसऱ्या डोसची वेळ झाली तेव्हा कॅज्युअल्टी म्हणे वॉर्डात देतील, आणि वॉर्डात तर आम्ही पोचलोच नव्हतो. आठवण केल्यावर सिस्टरने लगेच दिला.

घरातले दोघे असतील तर एकाने पेशंटपाशी थांबायचं, दुसऱ्याने काउंटर. चार्जर, जुनं डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत. एकाने विचारलेलं दुसऱ्याने परत विचारायचं नाही, काउंटरवाले वैतागतात.

रात्री जेवणाच्या वेळेला जनरल वॉर्डात बेड मिळाला आणि दोन दिवसांनी ट्विन. डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळीच मी औषधं परत केली, कार्डाचा मसुदा मागून घेतला आणि विमा डेस्कला सांगून ठेवलं. जेवणाच्या आत आमचा बेड रिकामा. फार्मसीला औषधं परत करताना मूळ बिलं लागतात बरं का, मोबाइलमधला फोटो आमच्याकडे चालला नव्हता.